रॉकेटला दिशा देणारे रॉबर्ट गॉडर्ड

द्रवरूप इंधनावर चालणारे जगातील पहिले रॉकेट आकाशात सोडणारे अमेरिकी शास्त्रज्ञ म्हणून रॉबर्ट हचिंग्ज गॉडर्ड यांचे नाव सर्वपरिचित आहे. १६ मार्च १९२६ रोजी झालेल्या त्या उड्डाणाचा उल्लेख अवकाशविज्ञानाच्या प्रत्येक इतिहासात आढळतो. रॉकेट उडवण्याइतकाच, किंबहुना त्याहूनही अवघड असा दुसरा एक प्रश्न मात्र गॉडर्ड यांनी आयुष्यभर हाताळला. रॉकेट उडाल्यावर त्याचे तोंड योग्य दिशेला कसे ठेवायचे, हा तो प्रश्न. आज उपग्रह कक्षेत सोडणाऱ्या प्रत्येक प्रक्षेपकाच्या वरच्या टप्प्यांत जी दिशानियंत्रण प्रणाली असते, तिच्या मुळाशी असलेल्या अनेक कल्पना गॉडर्ड यांनी न्यू मेक्सिकोच्या ओसाड माळरानावर, मोजक्या सहकाऱ्यांच्या मदतीने प्रत्यक्षात उतरवून पाहिल्या होत्या.

बालपण आणि ध्यास

गॉडर्ड यांचा जन्म ५ ऑक्टोबर १८८२ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या वूस्टर या औद्योगिक शहरात झाला. वडील नेहम यांना यंत्रांची आवड होती. आई फॅनी यांना पुढे क्षयरोगाने ग्रासले. रॉबर्ट स्वतःही लहानपणापासून अशक्त होते. आजारपणामुळे त्यांचे शालेय शिक्षण वारंवार खंडित झाले आणि वर्गातील इतर मुलांपेक्षा ते मागे पडले. या सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी ग्रंथालयातील विज्ञानाची पुस्तके वाचून काढली. एच. जी. वेल्स यांच्या मंगळवासीयांच्या स्वारीवरील कादंबरीने त्यांच्या मनावर खोल परिणाम केला.

१९ ऑक्टोबर १८९९ रोजी, सतरा वर्षांचे असताना, ते घरामागील चेरीच्या झाडाच्या वाळलेल्या फांद्या छाटण्यासाठी वर चढले होते. तेथे बसल्या बसल्या मंगळापर्यंत पोहोचू शकेल असे एखादे यंत्र तयार करता येईल का, हा विचार त्यांच्या मनात आला. झाडावरून उतरताना आयुष्याचे उद्दिष्ट निश्चित झाले होते. पुढे दरवर्षी हा दिवस ते आपल्या दैनंदिनीत आवर्जून नोंदवत असत.

१९०४ मध्ये शालेय शिक्षण पूर्ण करून त्यांनी वूस्टर पॉलिटेक्निक संस्थेत प्रवेश घेतला. १९०८ मध्ये पदवी आणि १९११ मध्ये त्याच शहरातील क्लार्क विद्यापीठातून भौतिकशास्त्रातील डॉक्टरेट त्यांनी मिळवली. विद्यार्थिदशेतील एक गोष्ट येथे नोंदवण्याजोगी आहे. १९०७ मध्ये त्यांनी विमानाचा तोल सांभाळण्यासाठी आणि त्याला दिशा देण्यासाठी जायरोस्कोप वापरण्याविषयी एक लेख लिहिला. सायंटिफिक अमेरिकन या नियतकालिकाच्या पुरवणीत तो प्रसिद्ध झाला. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला त्या वेळी जेमतेम चार वर्षे झाली होती. वेगाने फिरणाऱ्या भोवऱ्याचा आस आपली दिशा सहजासहजी सोडत नाही, या साध्या तत्त्वाचा उपयोग उडत्या यंत्रासाठी करण्याची ही कल्पना पंचवीस वर्षांनी त्यांनी रॉकेटमध्ये उतरवली.

आजारपण आणि पेटंट

१९१३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात संशोधन करीत असताना गॉडर्ड यांना क्षयरोग जडला. त्या काळी या रोगावर औषध नव्हते आणि डॉक्टरांनी त्यांच्या जगण्याची आशा जवळजवळ सोडली होती. वूस्टरला परतून घरी विश्रांती घेत असतानाच त्यांनी आपल्या कल्पनांची व्यवस्थित मांडणी केली. जुलै १९१४ मध्ये त्यांना दोन पेटंट मिळाली. पहिले अनेक टप्प्यांच्या रॉकेटसाठी होते, तर दुसऱ्यात द्रवरूप इंधन ज्वलनकक्षात सोडण्याची कल्पना मांडलेली होती.

टप्प्यांच्या रॉकेटमागील तर्क सरळ होता. इंधन संपल्यावर रिकामे नळकांडे पुढे वाहून नेण्यात अर्थ नाही. ते टाकून द्यावे आणि त्यावर बसवलेले लहान रॉकेट पेटवावे, म्हणजे उरलेल्या हलक्या भागाला अधिक वेग मिळतो. रशियातील कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्स्की आणि पुढे जर्मनीतील हर्मन ओबर्थ यांनीही याच दिशेने स्वतंत्रपणे विचार केला. या तिघांमध्ये गॉडर्ड यांचे वेगळेपण हे की, कागदावरची कल्पना कार्यशाळेत घडवून मैदानात उडवण्याचा हट्ट त्यांनी धरला.

क्लार्क विद्यापीठात अध्यापन करीत असताना १९१५-१६ मध्ये त्यांनी निर्वात केलेल्या नळीत रॉकेट पेटवून पाहिले. रॉकेटला रेटा मिळण्यासाठी मागे हवा असावी लागते, हा समज चुकीचा आहे हे त्यातून सिद्ध झाले. उलट निर्वातात रेटा वाढतो असे दिसले. वाफेच्या टर्बाइनमध्ये वापरले जाणारे, मध्ये निमुळते होऊन पुन्हा रुंद होणारे नोझल त्यांनी रॉकेटला बसवले. साध्या दारूच्या रॉकेटची कार्यक्षमता जेमतेम दोन टक्के असे, ती त्यांनी साठ टक्क्यांच्याही वर नेली. या कामाच्या बळावर स्मिथसोनियन संस्थेने १९१७ मध्ये त्यांना ५,००० डॉलरचे अनुदान दिले.

उपहास

स्मिथसोनियनने प्रसिद्ध केलेल्या गॉडर्ड यांच्या प्रबंधात वातावरणाच्या अतिउंच थरांपर्यंत उपकरणे पाठवण्याची पद्धत सांगितलेली होती. शेवटी, एक उदाहरण म्हणून, चंद्रावर प्रकाश देणारी भुकटी पाठवून तिचा झगमगाट दुर्बिणीतून पाहता येईल, असे गणित मांडले होते. जानेवारी १९२० मध्ये वृत्तपत्रांनी नेमका तेवढाच भाग उचलला. न्यूयॉर्क टाइम्सने १३ जानेवारीच्या संपादकीय टिप्पणीत, निर्वात पोकळीत रॉकेट चालणार नाही आणि शाळकरी मुलांना ठाऊक असलेले भौतिकशास्त्रही या प्राध्यापकांना ठाऊक नाही, अशा आशयाची टीका केली. निर्वातातील प्रयोग ज्यांनी स्वतः केला होता, त्यांच्यावरच हा आरोप झाला होता.

या उपहासाचा गॉडर्ड यांच्या स्वभावावर कायमचा परिणाम झाला. ते मुळातच मितभाषी होते, आता अधिकच अबोल झाले. आपले काम पूर्ण झाल्याशिवाय जगासमोर ठेवायचे नाही आणि तपशील तर शक्यतो कोणालाच सांगायचा नाही, अशी त्यांची वृत्ती बनली. या वृत्तीची किंमत त्यांना आणि अमेरिकी रॉकेटविज्ञानालाही पुढे मोजावी लागली.

पहिले उड्डाण आणि एक चुकीचा समज

१६ मार्च १९२६ रोजी वूस्टरजवळच्या ऑबर्न गावी, एफी वॉर्ड या नातेवाईक महिलेच्या शेतावर, गॉडर्ड यांनी पेट्रोल आणि द्रवरूप ऑक्सिजनवर चालणारे रॉकेट उभे केले. त्यांच्या पत्नी एस्थर, कारागीर हेन्री सॅक्स आणि सहकारी प्राध्यापक पर्सी रूप एवढेच साक्षीदार होते. अडीच सेकंदांच्या उड्डाणात रॉकेट ४१ फूट, म्हणजे सुमारे साडेबारा मीटर उंच गेले आणि १८४ फूट अंतरावरील कोबीच्या शेतात कोसळले.

या रॉकेटची रचना आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. ज्वलनकक्ष आणि नोझल सर्वांत वर होते आणि इंधनाच्या टाक्या खाली, पातळ नळ्यांना लटकवलेल्या होत्या. वरून ओढल्यास रॉकेट लोलकाप्रमाणे आपोआप सरळ राहील, अशी यामागील अपेक्षा होती. पण हा समज भ्रामक होता. दोरीला टांगलेल्या लोलकाचा आधारबिंदू स्थिर असतो आणि गुरुत्वाकर्षण त्याला पुन्हा मध्यावर आणते. रॉकेटच्या बाबतीत रेटा देणारे यंत्र रॉकेटलाच घट्ट जोडलेले असते. रॉकेट कलले की रेट्याची दिशाही तेवढीच कलते. त्यामुळे यंत्र वर बसवा किंवा खाली, रॉकेटला सरळ करणारे कोणतेही बल निर्माण होत नाही. पुढील रॉकेटांत गॉडर्ड यांनी यंत्र खाली आणले. रॉकेट आपोआप सरळ राहणार नाही, त्याचा कल ओळखणारे आणि तो दुरुस्त करणारे स्वतंत्र साधन हवे, या निष्कर्षाला ते प्रयोगातूनच पोहोचले.

रॉझवेलचे माळरान

१७ जुलै १९२९ रोजी ऑबर्नमध्ये झालेल्या आणखी एका उड्डाणाचा आवाज इतका मोठा होता की, परिसरात अपघात झाल्याच्या समजुतीने रुग्णवाहिका धावून आली. यानंतर अधिकाऱ्यांनी तेथे प्रयोग करण्यास मनाई केली. मात्र या गाजावाजामुळे एक चांगली गोष्ट घडली. अटलांटिक महासागर एकट्याने विमानातून ओलांडणारे चार्ल्स लिंडबर्ग यांचे लक्ष या बातमीकडे गेले. नोव्हेंबर १९२९ मध्ये त्यांनी गॉडर्ड यांची भेट घेतली आणि पुढे उद्योगपती डॅनियल गुगेनहाइम यांच्याकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला. १९३० मध्ये गुगेनहाइम यांनी चार वर्षांसाठी एक लाख डॉलर देण्याचे मान्य केले.

त्याच वर्षी गॉडर्ड दांपत्य मोजके कारागीर आणि रेल्वेच्या डब्यात भरलेली अवजारे घेऊन न्यू मेक्सिको राज्यातील रॉझवेल येथे आले. कोरडी हवा त्यांच्या फुफ्फुसांना मानवणारी होती आणि विस्तीर्ण माळरानावर तक्रार करायला शेजारी नव्हते. ३० डिसेंबर १९३० रोजी त्यांचे रॉकेट २,००० फूट, म्हणजे सुमारे ६१० मीटर उंचीवर पोहोचले. वेग ताशी ८०० किलोमीटरच्या आसपास होता. रेट्याचा प्रश्न सुटत चालला होता. आता दिशेचा प्रश्न समोर होता.

रॉकेट जमिनीवरून सुटते तेव्हा त्याचा वेग नगण्य असतो. बाणाच्या पिसांप्रमाणे शेपटीला लावलेली स्थिर पाती वेग वाढल्याखेरीज काम करीत नाहीत. उंचीवर गेल्यावर हवाच विरळ होते आणि पाती पुन्हा निरुपयोगी ठरतात. गॉडर्ड यांनी यावर शोधलेला उपाय असा होता. रॉकेटमध्ये एक लहान जायरोस्कोप बसवायचा. रॉकेट कलले तरी जायरोस्कोपचा आस मूळ दिशेलाच राहतो. या दोहोंतील फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की वायूच्या झडपा उघडायच्या आणि दाबाखालील वायूच्या जोरावर नोझलमधून बाहेर पडणाऱ्या ज्वालेत पाती ढकलायची. ज्वालेचा झोत पात्यावर आदळून किंचित वळतो आणि रॉकेटची शेपटी विरुद्ध बाजूला सरकते. हवेवर अवलंबून न राहता रॉकेटला वळवण्याचा हा मार्ग होता.

१९ एप्रिल १९३२ रोजी या प्रणालीसह पहिले उड्डाण झाले. रॉकेट केवळ १३५ फूट, म्हणजे सुमारे ४१ मीटर उंच गेले. वरकरणी हा प्रयोग फसलेला होता. पण जमिनीवर पडलेल्या रॉकेटची तपासणी केली असता, त्याला पुन्हा उभे करण्यासाठी जी दोन पाती ज्वालेत शिरायला हवी होती, तीच दोन पाती इतरांपेक्षा अधिक तापलेली आढळली. याचा अर्थ जायरोस्कोपने कल अचूक ओळखला होता आणि योग्य पात्यांना हुकूमही दिला होता. पाती आकाराने लहान असल्याने दुरुस्ती पुरेशी वेगाने झाली नव्हती, एवढेच. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिशानियंत्रणाच्या यंत्रणेचे पेटंट त्यांना मिळाले.

याच सुमारास जागतिक मंदीमुळे अनुदान थांबले आणि गॉडर्ड यांना क्लार्क विद्यापीठात अध्यापनासाठी परतावे लागले. दोन वर्षांचा हा खंड पडल्यानंतर १९३४ मध्ये गुगेनहाइम प्रतिष्ठानच्या मदतीने काम पुन्हा सुरू झाले. ज्वालेतील पात्यांच्या जोडीला आता बाहेरच्या बाजूने हवेत हलणारी पातीही बसवण्यात आली. रॉकेटचा आस उभ्या रेषेपासून दहा अंश किंवा त्याहून अधिक ढळला की नियंत्रण सुरू होईल, अशी जायरोस्कोपची योजना होती.

२८ मार्च १९३५ रोजी या रॉकेटने ४,८०० फूट, म्हणजे सुमारे १,४६० मीटर उंची गाठली आणि १३,००० फूट अंतर कापले. सरासरी वेग ताशी सुमारे ८८५ किलोमीटर होता. ३१ मे रोजी उंची ७,५०० फुटांवर गेली. या उड्डाणांत रॉकेट एका बाजूला कलून पुन्हा सरळ होताना स्पष्ट दिसत होते. १९३७ मध्ये गॉडर्ड यांनी याही पुढचे पाऊल टाकले. ज्वालेत पाती घालण्याऐवजी संपूर्ण शेपटीचा भागच वळवता येईल अशी रचना त्यांनी उडवून पाहिली. त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांच्या एका रॉकेटने ८,००० ते ९,००० फुटांची उंची गाठली. गॉडर्ड यांच्या कोणत्याही रॉकेटने गाठलेली ही सर्वाधिक उंची होती.

एकाकीपणाची किंमत

कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेतील फ्रँक मलिना हे तरुण संशोधक १९३६ मध्ये रॉझवेलला आले होते. गॉडर्ड यांनी त्यांचे सौजन्याने स्वागत केले, पण रॉकेटच्या आतील रचना दाखवली नाही. त्याच वर्षी त्यांचा दुसरा अहवाल स्मिथसोनियनने प्रसिद्ध केला. त्यात उड्डाणांची आकडेवारी होती, मात्र यंत्रांचे बारकावे फारसे नव्हते. परिणामी अमेरिकेतील इतर संशोधकांना तेच प्रश्न नव्याने सोडवावे लागले. दुसरीकडे जर्मनीत सरकारी पैशाच्या आणि मोठ्या मनुष्यबळाच्या जोरावर व्ही-२ क्षेपणास्त्र तयार झाले. त्यातही जायरोस्कोप आणि ज्वालेत हलणारी, ग्राफाइटची पाती होती. जर्मन अभियंत्यांचे काम मुख्यतः स्वतंत्र होते. मात्र मार्च १९४५ मध्ये व्ही-२चे भाग पाहिल्यावर गॉडर्ड यांना त्यात आपल्याच रचनेशी असलेले साम्य जाणवले.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराला त्यांच्या दूर पल्ल्याच्या रॉकेटमध्ये रस नव्हता. १९४२ पासून त्यांनी ॲनापोलिस येथे नौदलासाठी काम केले. विमानाला उड्डाणाच्या वेळी जोर देणारी लहान रॉकेट यंत्रे आणि रेटा कमी-अधिक करता येणारे यंत्र असे त्या कामाचे स्वरूप होते. तेथील दमट हवेत त्यांची प्रकृती ढासळली. घशाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया होऊनही ते वाचले नाहीत. १० ऑगस्ट १९४५ रोजी बाल्टिमोर येथे वयाच्या ६२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वरच्या टप्प्यांचे दुखणे

गॉडर्ड यांची पद्धत यंत्र पेटलेले असेपर्यंतच उपयोगी होती. ज्वाला विझली की ज्वालेतील पात्यांना काम उरत नाही. अनेक टप्प्यांच्या रॉकेटमध्ये हाच प्रश्न पुढे ऐरणीवर आला. खालचा टप्पा गळून पडल्यावर वरचा टप्पा कधी कधी काही मिनिटे यंत्र न पेटवता पोकळीत तरंगत जातो. तेथे हवा नसते, ज्वालाही नसते. तरीही पुन्हा यंत्र पेटेल त्या क्षणी त्याचे तोंड योग्य दिशेलाच असावे लागते, अन्यथा सारे इंधन चुकीच्या दिशेने खर्च होते. म्हणून वरच्या टप्प्यांना स्वतंत्र छोटे थ्रस्टर बसवतात. ते थंड नायट्रोजन किंवा हायड्रॅझिनसारख्या इंधनाचे बारीक झोत सोडून टप्प्याला हळूच वळवतात आणि स्थिर ठेवतात. कल ओळखायचा, मूळ दिशेशी ताडून पाहायचा आणि तेवढीच दुरुस्ती करायची, हे सूत्र मात्र १९३२ च्या उड्डाणातीलच आहे.

या सूत्रातील एखादा दुवा निखळल्यास काय होते, याचा अनुभव भारतानेही घेतला आहे. १० ऑगस्ट १९७९ रोजी, योगायोगाने गॉडर्ड यांच्या स्मृतिदिनीच, श्रीहरिकोटा येथून एसएलव्ही-३ या प्रक्षेपकाचे पहिले प्रायोगिक उड्डाण झाले. पहिल्या टप्प्याने काम चोख बजावले. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण प्रणालीतील एक झडप अडकल्याने तिच्यातील नायट्रिक आम्ल आधीच गळून गेले होते. नियंत्रण हरपलेला प्रक्षेपक ३१७ सेकंदांनंतर बंगालच्या उपसागरात कोसळला. दोष दूर करून १८ जुलै १९८० रोजी झालेल्या उड्डाणाने रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचवला. २० सप्टेंबर १९९३ रोजी पीएसएलव्हीचे पहिले उड्डाणही दुसरा व तिसरा टप्पा विलग होण्याच्या सुमारास कल बिघडल्याने फसले. नियंत्रणाच्या संगणकप्रणालीतील चूक त्याला कारणीभूत होती. १५ ऑक्टोबर १९९४ च्या दुसऱ्या उड्डाणाने ती भरून काढली. पुढे याच पीएसएलव्हीने जगात विश्वासार्ह प्रक्षेपक म्हणून नाव मिळवले.

मृत्यूनंतरचा सन्मान

गॉडर्ड यांच्या निधनानंतर एस्थर यांनी त्यांच्या टिपणांवरून आणखी १३१ पेटंटसाठी पाठपुरावा केला. त्यांच्या नावावरील पेटंटची एकूण संख्या २१४ झाली. १९६० मध्ये अमेरिकी सरकारने या पेटंटच्या वापरापोटी दहा लाख डॉलरची भरपाई दिली. ती रक्कम एस्थर आणि गुगेनहाइम प्रतिष्ठान यांना मिळाली. त्याआधी १९५९ मध्ये नासाने मेरीलँडमधील आपल्या अवकाश केंद्राला गॉडर्ड यांचे नाव दिले होते.

१७ जुलै १९६९ रोजी, अपोलो-११ चंद्राच्या वाटेवर असताना, न्यूयॉर्क टाइम्सने ४९ वर्षांपूर्वीच्या टिप्पणीची दुरुस्ती छापून चूक मान्य केली. ती वाचण्यासाठी गॉडर्ड हयात नव्हते. अपोलोला चंद्राकडे झोकून देणारा सॅटर्न-५ प्रक्षेपकाचा तिसरा टप्पा पृथ्वीभोवती फिरत असताना छोट्या थ्रस्टरांच्या साहाय्याने आपले तोंड योग्य दिशेला ठेवून होता आणि नेमक्या वेळी त्याचे यंत्र पुन्हा पेटले होते. १९१४ च्या पेटंटमधील टप्पे आणि १९३२ च्या उड्डाणातील दिशानियंत्रण या दोन्ही कल्पना त्या एका टप्प्यात एकत्र आल्या होत्या.